थवा आणि पहारेकरी

सगळं जग बिनतारी होऊन बरीच वर्षं लोटली होती, तेव्हा हिरडखोऱ्यात टेलिफोनचे खांब नव्याने रोवले गेले.

सह्याद्रीच्या दोन सोंडांमध्ये ओंजळीसारखं पडलेलं हे खोरं. भोवती डोंगर, बाहेर जायला एकच खिंड. बाहेरच्या जगाचा रेडिओ-गोंगाट डोंगर अडवत होते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी ही जागा हेरली आणि पठारावर तारेच्या जाळीच्या शेकडो बश्या उभ्या केल्या. तेव्हापासून खोऱ्यात मोबाइल बंद, वायफाय बंद, बिनतारी म्हणावं ते सगळंच बंद. त्या बदल्यात वाडी-वाडीला तारेचा फोन आला, पक्का रस्ता आला, दवाखाना आला. लोकांनी आधी कुरकुर केली, मग सवय झाली. संध्याकाळी इतकं शांत असे की पलीकडच्या वाडीतलं कुत्रं भुंकलं, की पाहुणा कोणाच्या दारात आला तेही कळे.

त्या खांबांची आणि तारांची निगा गोरक्ष गभाले राखायचा. बश्यांनी जे ऐकलं ते वाचायचं काम त्याच्या बायकोचं, केतकीचं.

केतकी मूळची इचलकरंजीची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. दोन वर्षांच्या नोकरीसाठी म्हणून ती आली आणि पहिल्या रात्री त्या शांततेपायीच तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतला फोन मुका निघाला. खांद्यावर शिडी घेऊन गोरक्ष आला. महादेव कोळ्यांचा पोरगा, खोऱ्यातच जन्मलेला, कामात बोलका. तारा तपासता तपासता त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही लोक त्या बश्यांनी नक्की ऐकता तरी काय?"

केतकीने रिसीव्हरची वेटोळ्यावेटोळ्यांची दोरी हातात घेतली. "हायड्रोजन नावाचा वायू आहे. विश्वात सगळ्यात जास्त तोच. तो एका ठरावीक लांबीची रेडिओ लहर सोडतो, नाहीतर गिळतो. एकवीस सेंटिमीटर. कुठल्याही दीर्घिकेत जा, तेवढीच. आता ही दोन वेटोळ्यांमधली फट म्हणजे ती लहर समजा." तिने दोरी ताणली. वेटोळी एकमेकांपासून लांब गेली. "लहर तिकडून निघाली की इथे येईपर्यंत मधली जागाच ताणली जाते, कारण विश्व फुगतंय. जागा ताणली की लहरही ताणली. निघताना एकवीस होती आणि इथे बेचाळीस भरली, तर ती निघाली तेव्हा विश्व आजच्या निम्मं होतं. ह्याला ताम्रसृती म्हणतात. लाल प्रकाशाची लहर लांब असते, म्हणून लांबणं म्हणजे तांबड्याकडे सरकणं."

"म्हणजे किती ताणली त्यावरून किती जुनी ते कळतं."

"आणि किती लांबची, तेही."

गोरक्षने दोरी हळूच तिच्या हातातून सोडवून घेतली. "कळलं. पण आता सोडा. तुटली तर इथे दुसरी मिळत नाही."

दोन वर्षं संपली. केतकी परत गेली नाही. त्यांचं लग्न झालं, जाई झाली. जाई मोठी होऊन फिजिओथेरपी शिकायला नाशिकला गेली, तोवर केतकीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

इतकी वर्षं ती एका गोष्टीची वाट बघत होती. आकाशाच्या एका कोपऱ्यात दीर्घिकांचा एक घोळका होता. वेधशाळेत सगळे त्याला थवा म्हणत. थव्यातला हायड्रोजन मागच्या क्वेसारांच्या, म्हणजे फार लांबच्या प्रखर दीर्घिकांच्या, लहरी थोड्या थोड्या गिळी, आणि वर्णपटात त्या जागी बारीक खाचा पडत. त्या लहरी इथे येईपर्यंत एकवीस सेंटिमीटरच्या जवळजवळ पाऊण मीटर झालेल्या असत. निघाल्या अकराशे कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीचा मागमूसही नव्हता तेव्हा.

केतकीच्या मनात थवा घर करून बसला त्याचं कारण निराळं होतं. ताम्रसृती स्वतःही बदलते. आज मोजली आणि वीस वर्षांनी पुन्हा मोजली, तर खाच केसभर सरकलेली असते. ते सरकणं म्हणजे विश्वाचं फुगणं डोळ्यांदेखत बघणं. सुरुवातीच्या विश्वात पदार्थांचं आपसातलं आकर्षण त्या फुगण्याला आवर घाली. पुढे कृष्णऊर्जेचा, म्हणजे विश्वाला फाकवणाऱ्या अदृश्य ऊर्जेचा, रेटा वरचढ झाला. थवा ज्या अंतरावर आहे तिथे ह्या दोघांचा हिशेब जवळजवळ मिटतो. त्यामुळे थव्याच्या खाचा फार थोड्या, मुंगीच्या चालीएवढ्या वेगाच्या फरकाने सरकायला हव्यात. त्याहून कमी-जास्त सरकल्या, तर कृष्णऊर्जेबद्दल आपण धरून चाललो होतो ते चूक. जग कायम असंच फाकत जाणार का, ह्याचं उत्तर त्या मुंगीच्या चालीत होतं.

पहिलं मोजमाप केतकी नवीन असताना झालं होतं. दुसरं ह्या दसऱ्याला सुरू झालं. ते उन्हाळ्यापर्यंत चालायचं होतं.

आणि दसऱ्यापासूनच थव्याच्या पट्ट्यात सुया उभ्या राहायला लागल्या.

वर्णपटाच्या सपाट रेघेवर मध्येच एखादी टोकदार सुई उठे आणि नाहीशी होई. आधी केबलवर संशय गेला. केबली बदलल्या. मग रिसीव्हरवर गेला. ते उतरवून तपासले. वेधशाळेच्या प्रमुख डॉ. सिल्व्हिया डिमेलो वसईच्या. वयाने केतकीपेक्षा लहान, डोक्याने थंड. पौषातल्या एका दुपारी त्या केतकीच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, यंत्रात काही दोष नाही. ह्या सुया बाहेरून येतायत. नीट पाहिलंत? दर पाव तासाला एक, काटेकोर. आणि मधूनच एखादी लांब."

"काय आहे ते कळलं?"

"पहारेकरी."

छातीत बसवायच्या त्या यंत्राला सगळे पहारेकरीच म्हणत. गळ्याच्या हाडाखाली नाण्याएवढी चकती. हृदय ठेका चुकलं की ती ते ताळ्यावर आणी, आणि दर पाव तासाला जवळच्या मोबाइलमार्फत दवाखान्याला खुशाली कळवी. शहरांत पन्नाशीपुढच्या निम्म्या लोकांना ती असे. तिच्यासाठी राखून ठेवलेल्या रेडिओ-पट्ट्यातच थव्याच्या ताणलेल्या लहरी येऊन पडत होत्या. हा निव्वळ योगायोग. काजव्याएवढाही उजेड पडणार नाही इतकीच त्या चकतीची ताकद, पण थव्यापुढे ती वणव्यासारखी. म्हणून ज्याला पहारेकरी बसवायचा, त्याने खिंडीपलीकडे राहायला जायचं, असा खोऱ्याचा नियम होता. आजवर चौघेजण गेले होते. त्यांना खिंडीपर्यंत पोचवायला गोरक्षच गेला होता.

"कोणीतरी लपवलंय," सिल्व्हिया म्हणाल्या. "शोधायला हवं. पण माणूस आजारी आहे, तेव्हा जरा बेताने."

शोधणं अवघड नव्हतं. जवळच्या उगमाची लहर प्रत्येक बशीला किंचित मागेपुढे पोचते. त्या फरकावरून ती कुठून निघाली ते काढता येतं. केतकीने आदल्या दिवसाची नोंद घेतली आणि खोऱ्याच्या नकाशावर पाव-पाव तासाचे ठिपके मांडायला घेतले.

ठिपका सकाळी पठाराच्या कडेने निघाला. मग उंबराच्या वाडीकडे गेला. तिथे बराच वेळ थांबला. पुढे ओढ्याच्या काठाने, सरळ रेषेत, समान अंतरं घेत चालला. केतकीने नकाशावर टेलिफोनचे खांब चढवून पाहिले नाहीत. त्याची गरज नव्हती. ती वाट तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात डबा घेऊन कित्येकदा तुडवली होती. संध्याकाळी ठिपका वळला, चढाला लागला आणि तिच्या स्वतःच्या घरात शिरला.

ती खुर्चीत बसून राहिली. खिडकीबाहेर बश्या सगळ्या मिळून, अगदी सावकाश, पश्चिमेकडे मान वळवत होत्या. उन्हं कलली होती. जाळ्यांच्या सावल्या गवतावरून तरंगत चालल्यासारख्या दिसत होत्या. थव्याचा अस्त व्हायला अजून अवकाश होता.

ती घरी पोचली तेव्हा गोरक्ष ओट्यावर बसून पायजम्याला लागलेली कुसळं काढत होता.

"कधी बसवलास?"

त्याचा हात थांबला. उगीच "काय" असं त्याने विचारलं नाही.

"गणपतीत. जाईकडे गेलो होतो तेव्हा. स्टँडवर उभा होतो, डोळ्यापुढे अंधारलं. जागा झालो ते दवाखान्यात."

"जाईला माहीत आहे."

"तिला शपथ घातली मी. तिला बोलू नकोस."

"आणि मला?"

गोरक्षने हातातलं कुसळ ओट्याखाली टाकलं. "तुला सांगितलं असतं तर दोनच गोष्टी. एक, तू मला खिंडीपलीकडे पोचवून आली असतीस. दुसरी, तूही माझ्यासंगं निघाली असतीस, ऐन दसऱ्याला. मला दोन्ही नको होतं. म्हटलं एवढीशी चकती, ती बोलून बोलून किती बोलणार. उन्हाळा आला की तुझं काम संपेल, मग सांगू."

"तीन महिने आम्ही केबली बदलतोय, गोरक्ष."

"माहीत आहे. त्यातल्या निम्म्या मीच ओढल्यात."

केतकीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. ती आत गेली. चहा ठेवला. दोघांनी तो ओट्यावर बसून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने सिल्व्हियांना सगळं सांगितलं. सिल्व्हियांनी नाशिकच्या डॉ. बागूल यांना, गोरक्षवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, स्वतः तारेवरून फोन लावला आणि एक वाट काढली. पहारेकऱ्याचं खुशाली कळवणं बंद करता येत होतं. हृदयाचा ठेका तो सांभाळत राहील, पण बोलणार नाही. एरवी हे कोणी करत नाही, कारण दुखणं वाढलं तर दवाखान्याला पत्ता लागत नाही. पण रुग्ण आणि घरचं माणूस दोघं हो म्हणाले, तर उन्हाळ्यापर्यंत चालवून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले.

"मी हो म्हणालो," गोरक्ष संध्याकाळी म्हणाला. "तू म्हण."

जाईचा फोन आला. "आई, तू हो म्हणू नकोस. बाबांना काही होत असलं तरी ते सांगणार नाहीत. तुला माहीत आहे ते कसे आहेत."

"आणि तू? तू सांगितलंस?"

जाई म्हणाली, "म्हणूनच आता सांगतेय."

केतकीने दोन दिवस मागून घेतले. खरं तर तिचं मन होकाराकडे झुकलं होतं. वीसहून जास्त वर्षं. तिने एखाद्या देवळाची राखण करावी तशी ह्या पट्ट्याची राखण केली होती. आणि गोरक्ष तर स्वतःच म्हणत होता. त्याच्या सुखासाठी आपण हो म्हणतोय, असं तिने स्वतःला सांगूनही पाहिलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

ते दोन दिवस ती सुया काढत बसली. दसऱ्यापासूनच्या नोंदींतून त्याच्या पहारेकऱ्याचा प्रत्येक बोल वेचून बाजूला करायचा, म्हणजे उरलेल्यात थवा स्वच्छ दिसेल. संगणक आखूड सुया आपोआप ओळखी. लांब सुया मात्र माणसाने बघाव्या लागत. दवबिंदू वेचावेत तसं ते काम. तिला त्यात एक गुंगी आली. एका पडद्यावर अकराशे कोटी वर्षांपूर्वीच्या खाचा, दुसऱ्यावर तिच्या नवऱ्याच्या छातीतून निघालेल्या रेघा. दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्यासारख्या वाटायला लागल्या. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा टेबलावर आला, हळूहळू सरकला आणि भिंतीवर चढला. तिला भूक लागली नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. लांब सुया बहुतेक पहाटेच्या होत्या.

सिल्व्हियांनी सांगितलं होतं, पहारेकरी लांब बोलतो तो हृदय थांबू पाहतं आणि त्याला धक्का द्यावा लागतो तेव्हा. दसऱ्याच्या सुमाराला असं आठवड्यातून एखाद्या पहाटे झालं होतं. दिवाळीनंतर दिवसाआड. आता पौषात रोज, आणि काही पहाटांना दोन-दोनदा. ती त्याच्या शेजारी झोपलेली असताना. ती उठून चूल पेटवत असताना. त्या प्रत्येक वेळी ती चकती आपल्या परीने हाका मारत होती, आणि खोऱ्यात तिची हाक घेणारं यंत्रच नव्हतं. मोबाइल नाही, मनोरा नाही. चकतीच्या स्वतःच्या स्मरणात चार दिवसांपलीकडचं काही राहत नसे, जुनं पुसून नवं. ती हाक ऐकली होती ती फक्त ह्या बश्यांनी, आणि त्यांनी ती कचरा म्हणून बाजूला टाकली होती.

केतकी गोरक्षला विचारायला घरी गेली नाही. तिने वेचलेल्या सगळ्या सुया तारखांसकट डॉ. बागूलना पाठवल्या. अर्ध्या तासात फोन वाजला.

"हे तुम्हाला मिळालं कुठून?" डॉक्टरांनी विचारलं. तिने सांगितलं. "बाई, बोलणं बंद करायचं विसरा. त्यांना उद्या इकडे आणा. नुसत्या ठेक्याचं दुखणं नाही हे. आत काहीतरी वाढतंय."

गोरक्षला हे कळलं तेव्हा तो ओरडला नाही. तो कधी ओरडत नसे. फक्त म्हणाला, "मला विचारलं असतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो. माझं काळीज आहे. मी लपवलं ते चुकलं, कबूल. पण तू तर ते उघडून परक्यापुढे ठेवलंस."

पुन्हा तीच वेळ आली तर ती पुन्हा तसंच करील. ते तिने बोलून दाखवलं नाही.

सकाळी वेधशाळेची डिझेलची जीप त्यांना न्यायला आली. निघण्याआधी केतकी सिल्व्हियांकडे गेली आणि पट्ट्याचं काम त्यांच्या हवाली केलं. कोणती बशी थंडीत कुरकुरते, कोणत्या रिसीव्हरवर भरवसा ठेवायचा, सगळं तोंडी सांगितलं. सिल्व्हिया मान हलवत ऐकत होत्या.

"ताई, तुमच्याशिवाय साफसफाईला दुप्पट वेळ लागेल."

"लागू दे. थवा कुठे जात नाही."

"तुम्ही परत येणार ना?"

"माहीत नाही."

खिंड ओलांडल्यावर गोरक्षने दवाखान्यातून चकतीबरोबर मिळालेला, खोऱ्यात बंद करून ठेवलेला मोबाइल सुरू केला आणि तो थरथरायला लागला. पहारेकऱ्याला कान सापडला होता. गोरक्षने तो बघितला आणि केतकीच्या मांडीवर ठेवून दिला. मग नाशिकपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला.

हृदयाच्या आतल्या पडद्यालगत एक गाठ होती, मऊ, देठावर लोंबणारी. आडवं झोपल्यावर पहाटेपर्यंत ती सरकत सरकत रक्ताच्या वाटेत येई. आणखी महिनाभर तशीच राहिली असती तर पहारेकऱ्याच्या हातात काही उरलं नसतं, असं डॉ. बागूल म्हणाले. ऑपरेशन झालं. जाईने सुट्टी काढली. तिसऱ्या दिवशी गोरक्षने डोळे नीट उघडले तेव्हा केतकी उशाशी होती.

"थवा कसाय?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत. मी इथे आहे."

"फोन लाव की. इथे तर काय, हवेतूनही लागतो." मग डोळे मिटूनच त्याने तिचा हात चाचपून धरला. "मला राग आला होता, केतकी."

"माहीत आहे."

"अजून थोडा आहे."

"असू दे," ती म्हणाली आणि हात तसाच राहू दिला.

जाईच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी उन्हाळा काढला. केतकीला नाशिकचा गोंगाट सोसेना. तिला सारखं वाटे, हवा कोणाच्या ना कोणाच्या बोलण्याने भरून गेली आहे आणि आपण त्यातून पोहत चाललोय. गोरक्ष मात्र रमला. गच्चीवर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारी. गाठ गेली तरी ठेक्याचा भरवसा नव्हता. पहारेकरी जन्मभर राहणार होता, आणि तो बोलताच ठेवायचा होता. म्हणजे गोरक्षला खोरं बंद झालं. हे दोघांनाही कळलं होतं.

थव्याचं मोजमाप ठरल्याहून लांबलं. सिल्व्हियांचा फोन आला तो थंडी सुरू होताना.

"ताई, या. जाहीर करण्याआधी तुम्ही बघायला हवं."

गोरक्ष म्हणाला, "मी खिंडीपर्यंत येतो."

खिंडीत, नियमाच्या पाटीच्या अलीकडे, तो उतरला. केतकी जीपमधून पुढे गेली. खोऱ्यात सोनकी फुलली होती, सगळं पठार पिवळं. बश्या त्या पिवळ्यात गुडघाभर बुडाल्यासारख्या दिसत होत्या. तिच्या टेबलावर आता दुसऱ्याच कोणाचा चष्मा होता.

सिल्व्हियांनी पडद्यावर दोन रेघा एकावर एक ठेवल्या. एक केतकी तरुण असतानाची, एक ह्या वर्षीची. साध्या डोळ्यांना त्या एकच दिसत होत्या. मग सिल्व्हिया खाचेच्या कडेजवळ गेल्या. अजून जवळ. अजून. शेवटी दोन रेघांमध्ये एक फट उघडली.

"निळ्याच्या बाजूला सरकलीय," केतकी म्हणाली.

"सरकायलाच हवी होती. पण एवढी नाही. आपण मुंगीची चाल धरली होती. ही त्याच्या दुप्पट आहे. थव्यातल्या सगळ्या दीर्घिकांमध्ये तेच. चूक नाही, चार वेळा तपासलं. तुम्ही वेचून ठेवलेले महिनेही घेतलेत आम्ही. ते नसते तर एवढ्या ठामपणे बोलता आलं नसतं."

केतकी बघत राहिली. म्हणजे कृष्णऊर्जेचा रेटा ओसरतो आहे. आजवर सगळे म्हणत होते, अब्जावधी वर्षांनी दूरच्या दीर्घिका एकेक करून नजरेच्या पलीकडे जातील, त्यांच्या लहरी ताणून ताणून विरून जातील, आणि इथे कोणी असलंच तर त्याला रिकामं आकाश दिसेल. तसं बहुधा होणार नव्हतं. रेटा असाच ढिला पडत गेला तर त्या दीर्घिका दिसत राहतील. कोणाला, ते सांगता येत नव्हतं. तिला एक विलक्षण स्वस्थपणा आला. दुपारी गाढ झोपून उठल्यावर येतो तसा.

"पुन्हा वीस वर्षांनी मोजायला हवं," सिल्व्हिया म्हणाल्या. "त्याची आखणी आत्तापासून करायची. तुम्ही आलात तर बरं होईल. रोज नाही, जमेल तसं."

"विचारून सांगते," केतकी म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं, की असं ती ह्या खोलीत पहिल्यांदाच म्हणत होती.

ती खिंडीत परतली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. गोरक्ष रस्त्यावर नव्हता. जरा शोधल्यावर तो वरच्या अंगाला, एका कौलारू घराच्या पडवीत दिसला. शेजारी घरमालक, टोपीवाला म्हातारा, किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा. केतकी चढून वर गेली. धाप लागली होती, तरी तिने उभ्या उभ्या थव्याचं सगळं सांगितलं. गोरक्षने मन लावून ऐकलं.

"म्हणजे त्या दीर्घिका नजरेआड जाणार नाहीत."

"बहुतेक नाही."

"बरं झालं." त्याने घराकडे मान वळवली. "हे बघितलं मी. पाटीच्या बाहेर आहे. डोंगराची कड मध्ये येते, म्हणजे माझी चकती इथे कितीही बडबडली तरी तुझ्या बश्यांना ऐकू जायची नाही. आणि तुला खाली उतरायला तासभर. स्वयंपाकघर अंधारं आहे, पण एक कौल काढून काच बसवता येईल."

केतकी आत जाऊन आली. एक मोठी खोली, मागे माळा, भिंतीला सारवण. पाठच्या दारातून शेवग्याचं झाड दिसत होतं. बाहेर आली तेव्हा गोरक्ष आणि म्हातारा हळू आवाजात काही बोलत होते.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

"किती वर्षांसाठी हवंय, विचारतायत."

केतकी पडवीच्या कडेला जाऊन उभी राहिली. डोंगरामागे दिवस मावळला होता आणि आभाळात अजून उजेड होता. खालून कोणीतरी गुरं हाकत घरी चाललं होतं.

"उद्यापासून हवंय म्हणावं," ती म्हणाली.